भरलेला गेलो, रिकामा आलो

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवर दोन छत्र्या आणि एक भाजीची पिशवी यांच्या दाटीत जो विटका, सुरकुतलेला कमरपट्टा लोंबकळताना दिसतो, तो मी. घरी आलेले पाहुणे मला बोटाने टोचून विचारतात, "हे काय आहे हो?" तेव्हा मला राग येतो. पण रागावून करतो काय! पट्ट्याला तोंड नसते, खिसा असतो. तोच आज तुमच्यापुढे उघडतो.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. या घराच्या पुढच्या खोलीत शिवणकामाचे दुकान आहे, तिथल्या मशिनवर झाला. दुकान वहिनीचे. नणंद तिला वहिनी म्हणते, म्हणून गिऱ्हाईकेही वहिनीच म्हणतात. माझे अंग एका जुन्या रेनकोटचे, इलॅस्टिक शाळेच्या स्कर्टातून उरलेले, चेन फाटक्या पँटची आणि बक्कल तुटक्या दप्तराचे. दोन्ही कुशींना लहान बाटल्यांसाठी कप्पे आणि मध्ये खजुरांसाठी खिसा, सगळ्यांची तोंडे वरच्या काठाला. एवढे झाल्यावर वहिनीने माझ्या काठाला शोभेची पिवळी पायपिंगही लावली. शेजारी बटणे लावत बसलेल्या सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पळायला निघालीस की लग्नाला?"

मला का शिवले, ते आता सांगतो. तेव्हा मी नव्हतो, पण खुंटीवर राहिले की घरातले सगळे कानावर येते.

आदल्या वर्षी वहिनीने अर्धमॅरेथॉनमध्ये नाव दिले होते. सासूबाई शेवटच्या रेषेपाशी घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या. एकेक धावणारा येत होता, त्या उगाचच सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत होत्या. वहिनी मात्र आली नाही. पुलापाशी तिच्या पायांतले त्राण गेले आणि मागे पडलेल्यांना गोळा करत येणाऱ्या गाडीत तिला बसावे लागले. ती गाडी पोहोचली तेव्हा माणसे दोऱ्या गुंडाळून, कमान उतरवून गेली होती. रिकाम्या रस्त्यावर सासूबाई एकट्याच खुर्चीत बसल्या होत्या. वहिनीला गाडीत बसल्याचे जितके लागले नाही, तितके सासूबाईंचे ते एकटे बसणे लागले.

या वर्षी तिने पुन्हा नाव नोंदवले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "यंदा मी खुर्ची आणणार नाही. तू पळणार, तर मी उभी राहणार. बघू कोणाचे पाय आधी बोलतात."

"आई, तुमचे गुडघे!"

"म्हणूनच सांगते, वेळेत ये."

झाले! सासूबाईंचे गुडघे स्वयंपाकघरातून दारापर्यंत येताना दोनदा कुरकुरत. आता वहिनीला दोऱ्या गुंडाळायच्या आत पोहोचणे भागच होते. म्हणून सराव सुरू झाला आणि त्यासाठी मला शिवले.

दर रविवारी सकाळी आम्ही लांब पल्ल्याला निघायचो. सोबत नणंद असे. ती टपाल वाटते, दिवसभर पायीच असते, त्यामुळे पळणे म्हणजे तिला हातचा मळ. तिने वहिनीला नीट समजावले होते, "बसथांबा दिसला की एक घोट. तीन थांबे झाले की एक खजूर. विसरायचं नाही." एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत मीठ, साखर आणि लिंबू. मी छाती फुगवून निघायचो. पायातले बूट स्वतःला फार शहाणे समजत, 'आम्ही आहोत म्हणून ती पळते' असा त्यांचा तोरा होता. मी मनात म्हणायचो, थांबा लेको, तहान लागू दे, मग कळेल कोण कोण आहे ते.

पण तहान लागली तरी वहिनी माझ्याकडे बघायचीच नाही. मित्रांनो, याचे कारण तिच्या मशिनपाशी होते. कपडा सुईखाली असला की ती उठत नसे. बाही अर्धी राहिली तर घशाला कोरड पडली तरी घोट घ्यायची नाही, कारण एकदा हात थांबला की टीप वाकडी जाते. आधी काम, मग पाणी, हा तिचा दुकानातला नियम. तोच तिने रस्त्यावर आणला. सगळे किलोमीटर संपेपर्यंत खायचे-प्यायचे नाही, आणि नणंद तर नेहमी पुढे. तिला कसे कळणार?

घरी आल्यावर वहिनी मला टेबलावर ठेवून अभिमानाने सांगायची, "बघा आई, एक खजूरसुद्धा मोडला नाही!" सासूबाईही कौतुक करायच्या, "काटकसरी आहे हो माझी सून." मी ओशाळून पडून राहायचो. मला वाटे, अगं बाई, मी काय तिजोरी आहे? जसा नेला तसाच परत आणायचा, तर मला ओझे म्हणूनच वागवलेस की.

दुसरी अडचण माझ्या अंगाचीच होती. कपडा आतून कसाही असो, बाहेरून देखणा दिसला पाहिजे, ही वहिनीची शिस्त. म्हणून माझ्या कातरलेल्या कडा, जाड जोड, दोऱ्यांच्या गाठी, सगळे आतल्या बाजूला होते. थोडे पळताना काही वाटत नसे. अंतर वाढले, घाम आला, की त्या कडा तिच्या कमरेला घासायच्या. ती मलम लावून गप्प बसायची. मला फार वाईट वाटे. पण मी काही स्वतःला उलटा करू शकत नव्हतो.

मग तो सर्वांत लांब पल्ल्याचा रविवार आला. जाणे नीट झाले. परतताना एका बंद पेट्रोलपंपापाशी वहिनीचा वेग एकाएकी मंदावला. आधी ती चालू लागली, मग फूटपाथच्या कडेवर बसली. शेवटी तिने माझी चेन धरली, पण सुईत दोरा ओवणारी ती बोटे चेनसुद्धा ओढू शकली नाहीत. मी गच्च भरलेला तिच्या कमरेला होतो आणि काही उपयोगाचा नव्हतो. असा असहाय मी कधीच नव्हतो.

नणंदेने मागे वळून पाहिले, तेव्हा वहिनी दिसेना. ती उलट धावत आली. तिने माझी चेन ओढली आणि पाहतच राहिली.

"वहिनी! सगळे खजूर इथेच? पाणीही तसंच? मिरवायला आणलंस का हे?"

"शेवटी खाईन म्हटलं," वहिनी पुटपुटली.

"मागच्या वर्षीही असंच केलं होतंस?"

वहिनीने मान डोलावली. नणंदेने कपाळावर हात मारला. आधी तिला लिंबूपाणी पाजले, मग खजूर भरवला, आणि तिच्या अंगात धुगधुगी आल्यावर विचारले, "मला सांग, मशिनला तेल कधी घालतेस? करकर वाजायला लागल्यावर?"

"छे! वाजायला लागलं म्हणजे आत झिजलंच की. त्याच्या आधीच घालायचं."

"मग? तू काय मशिनपेक्षा स्वस्त आहेस?"

वहिनी हसू लागली. हसताना तिने कमर धरली आणि "आई गं" म्हणाली. नणंदेने टी-शर्टची कड वर करून पाहिली, तर कमरेभोवती लाल वळ. "हे कधीपासून?" वहिनीने बक्कल काढले, मला हातात घेतले आणि माझ्या आतल्या गाठींवरून अंगठा फिरवला. मग मला उलटा केला. पिवळी पायपिंग आत, जोड आणि गाठी बाहेर.

"जन्मभर शिवण आत लपवत आले," ती म्हणाली. "बघणाऱ्याला बोचू नये म्हणून. घालणाऱ्याचा विचारच केला नाही गं."

त्या दिवशी आम्ही सावकाश चालत घरी आलो. पुढच्या रविवारपासून माझे दिवस पालटले. बसथांबा आला की घोट, तीन थांबे झाले की खजूर. पहिल्यांदा रिकामा घरी आलो तेव्हा मी हवेत तरंगत होतो. सासूबाईंनी माझा खिसा चाचपला. "म्हणजे मी उगाचच काटकसरीचं कौतुक करत होते तर," असे म्हणून त्यांनी सुनेला दुसऱ्यांदा वाढले.

शर्यत जवळ आली. वहिनीने नवीन पट्टा शिवायला घेतला. टी-शर्टला जुळणारा निळाशार, चकचकीत. शिंप्याच्या घरचे माणूस, उसवलेला दिसणारा पट्टा लावून चार लोकांत कसे जाणार? मला खुंटीवर टांगले गेले. छत्र्या म्हणाल्या असतील, ये बाबा, तूही ये.

शर्यतीच्या दिवशी उजाडायच्या आत वहिनी तयार झाली. नवा पट्टा बांधला, आरशात पाहिले. सासूबाई चपला शोधत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "नवा जोडा आणि नवी सून, दोन्ही पहिल्या दिवशी चावतात."

"मी चावले होते का?"

"अजून खूण आहे!"

दोघी हसल्या. मग वहिनीने नव्या पट्ट्याच्या आत बोट घातले. कडा पुन्हा आतच होत्या. हाताची सवय काही केल्या जात नाही. तिने तो काढून ठेवला आणि खुंटीपाशी आली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात त्याहून मोठा सन्मान झालेला नाही.

शर्यतीत माझी लोंबणारी सुते सगळ्यांना दिसत होती. रस्त्याच्या कडेने एक गृहस्थ ओरडले, "ताई, तुमचा पट्टा उलटा झालाय!" वहिनी पळता पळता ओरडली, "असाच बरा आहे!" ती ठरल्याप्रमाणे पीत होती, खात होती. पूल आला. मागे ती गाडी हळूहळू येत होती, तिची घरघर मलाही ऐकू येत होती. मागच्या वर्षी वहिनीचे पाय इथेच थांबले होते. तिने माझ्या खिशातला शेवटचा खजूर काढला, तोंडात टाकला आणि पूल ओलांडला. गाडीची घरघर मागे राहिली.

शेवटच्या वळणावर दोऱ्या दिसल्या. अजून ताणलेल्या होत्या. आणि दोरीला दोन्ही हातांनी धरून, बिनखुर्चीच्या सासूबाई उभ्या होत्या. नणंद केव्हाच पोहोचून त्यांच्याशेजारी थांबली होती, पण त्यांनी तिचा आधार घेतला नव्हता. वहिनी रेषेपार झाली आणि थेट त्यांच्याकडे गेली. सासूबाईंनी आधी माझा खिसा चाचपला. रिकामा! मग सुनेचा घामेजला चेहरा पदराने पुसला.

"आता बसते बाई," त्या म्हणाल्या आणि सरळ फूटपाथवर बसल्या. वहिनीही त्यांच्याजवळ बसली आणि रडू लागली. सासूबाईंनी तिला रडू दिले.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. पुढच्या अनेक शर्यतींत मी होतो. मित्रांनो, घामातले मीठ आम्हाला खाते. पळून आलात की आम्हाला धुवा, सावलीत वाळवा. माझे इलॅस्टिक तरीही सैल झाले. पळताना घसरतो म्हणून वहिनीने दुसरा पट्टा शिवला, या खेपेला कडा बाहेर ठेवून. मी म्हटले, संपले आपले.

पण सैल झालो म्हणूनच मी सासूबाईंच्या कमरेला बसतो. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले आहे. संध्याकाळी त्या मला बांधतात, एक बाटली आणि दोन खजूर घेतात, आणि कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन येतात. माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. जे अंगाला बांधून नेता, ते वाटेत स्वतःला द्या. तसेच परत आणू नका.

परत आल्यावर सासूबाई मशिनपाशी जातात. बाही अर्धी शिवलेली असते. त्या माझा खिसा सुनेसमोर उलटा करून झटकतात. "मी माझं खाल्लं, प्यायले. आता तू ऊठ."

आणि वहिनी, बाही सुईखाली तशीच ठेवून, पाणी प्यायला उठते.