दोन डोळ्यांचे पत्रे

"भावजी, ते आधी खिशात घाला," थोरली मेव्हणी म्हणाली. "शोभतं का हे?"

माझ्या हातात बायकोचे पत्रे होते आणि आयलायनरची बाटली. बायको समोर लोखंडी टेबलावर होती. ती पहाटे गेली होती आणि अजून ऊनही नीट वर आलं नव्हतं. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी, मेव्हणी आणि प्रेतांना आंघोळ घालणारी मावशी. बायकोला धरलं तर चौघं. मी धरतो.

पत्रे म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. मी कारखान्यात खोक्यांवर खुणा छापतो. बाण, पेला, छत्री, आकडे. बाण म्हणजे ही बाजू वर. पेला म्हणजे आतलं सामान फुटेल. खुणेच्या आकाराचं भोक असलेला पत्रा खोक्यावर दाबून धरायचा, वरून रंग मारायचा, पत्रा उचलायचा, की खूण उठते. हल्ली ते प्लास्टिकचे असतात, पण आम्ही अजून पत्राच म्हणतो. मला तिथे सगळे छाप्या म्हणतात. नुसत्या हाताने मला सरळ रेघ ओढता येत नाही. पत्रा असला की येते.

बायको बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर होती. काचेला गोल भोक आणि भोकामागे ती. कामाला जाताना ती रोज डोळ्यांना आयलायनर लावायची आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून एक टोकदार रेघ वर भुवईकडे न्यायची. पार्लरवाल्या त्याला विंग म्हणतात. ती शेपूट म्हणायची. "थांबा हो, एक शेपूट राहिलंय," असं म्हणून मला दारात उभं करायची. ड्रायव्हर मंडळी तिची टिंगल करायची. "बाई, आज शेपूट कितीला सुटणार?"

"तुमच्या गाडीच्या आधी," ती म्हणायची. "तुमची कुठे वेळेवर सुटते?"

ती दिसायला काही विशेष नव्हती. हे माझं म्हणणं नाही, तिचंच. "तोंड देवाने केलं, डोळे मी केले," म्हणायची.

मग तिचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते केवढं तरी मोठं होतं आणि औषध एवढंसं. चहा सांडायचा, बटण लागायचं नाही, ते तिने चालवून घेतलं. शेपूट मात्र चालवून घेतलं नाही. रेघ कधी कपाळाकडे जायची, कधी कानाकडे. पुसायची, पुन्हा काढायची. शेवटी डोळे लाल व्हायचे आणि बस चुकायची. एक दिवस ती आयलायनर न लावताच कामाला गेली. संध्याकाळी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"आज एकाने विचारलं, त्या रोजच्या बाई सुट्टीवर आहेत का," ती म्हणाली. "माझ्याच तोंडाकडे बघून विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मानेचा एक्स-रे धुवायला घेतला. तो आजार शोधताना काढला होता आणि त्यात काहीच सापडलं नव्हतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून घासलं की मान निघून जाते आणि निळसर पातळ पान उरतं. ते वाकतं, पण चुरगळत नाही. त्यात मी ब्लेडने शेपटाचा आकार कापला, टोचू नये म्हणून कडा बारीक पॉलिश कागदाने घासल्या आणि तिला आरशासमोर बसवलं.

"एकच?" ती म्हणाली. "डोळे दोन आहेत."

"उलटा केला की दुसऱ्या डोळ्याचा होतो. बाणाचं आम्ही तसंच करतो. डावा बाण उलटा केला की उजवा."

"आणि मी काय खोकं आहे?"

उजव्या डोळ्याला छान जमलं. पत्रा उलटा करून डाव्याला लावला, तर पहिल्या खेपेचा ओला रंग सगळा गालावर उठला. पत्रा धुतला, गाल पुसला, पुन्हा लावला, तरी शेपूट वाकडंच. मी फूटपट्टी आणली. डावा डोळा उजव्यापेक्षा खाली आला होता. आजार त्या बाजूने तोंडात उतरला होता. मला ते पत्र्याने सांगितलं. तिला आधीच माहीत होतं.

"तोंडाला फूटपट्टी लावणारा नवरा," ती म्हणाली. "कोणाला सांगू नका हं."

मग डाव्याचा वेगळा पत्रा कापला. कोपऱ्यात टाचणीने 'उ' आणि 'डा' कोरलं. उजव्याचा पहिलाच पत्रा शेवटपर्यंत चालला. डाव्याचा मला पुन्हा पुन्हा कापावा लागला, कारण डोळा उतरतच होता.

सकाळी हेच आमचं पहिलं काम. ती खुर्चीत ताठ बसायची. पत्र्याचा कोपरा डोळ्याच्या कोपऱ्यात, खालची कड गालाच्या हाडावर टेकवायची, अंगठ्याने दाबायची आणि फटीत ब्रश फिरवायचा. सुरुवातीला मी नुसता पत्रा धरायचो आणि रंग ती भरायची. पुढे दोन्ही मीच करायला लागलो. रंग सुकायला मी फुंकर मारायचो, मग ती हसायची.

"हसू नको, गाल हलतो."

"मग तोंड बाजूला घ्या तुमचं. विडीचा वास येतो."

बोलणं अडखळायला लागलं तसं डेपोने तिला घरी बसवलं. घरी बसली तरी शेपूट सुटलं नाही. थोरली मेव्हणी आली की टोमणे मारायची. "जायचं कुठे नाही, यायचं कोणी नाही, आणि हे कशाला ग? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तुझा."

"पीळच तर उरलाय ताई," बायको म्हणायची.

एकदा असाच पत्रा लावलेला होता आणि ती म्हणाली, "मला नेतील त्या दिवशीही लावा हं."

"बोलू नको. गाल हलतोय."

"लावा म्हणते ना. आत कोण बसलंय ते समोरच्याला कळायला नको?"

"लावीन."

डावं शेपूट त्या दिवशी पुसून पुन्हा काढावं लागलं.

"ताई, तिला शब्द दिलाय," मी आता मेव्हणीला म्हणालो.

"शब्द दिला म्हणून मेलेल्या बाईला नटवायचं? बाहेर माणसं जमलीत, भावजी. तोंड बघायला येतील ना सगळे. म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. जिवंत होती तोवर तिची हौस केलीत, कोणी काही बोललं नाही. आता पुरे."

"बाहेर माणसं जमलीत म्हणूनच लावायचं."

मावशीने बादली पालथी करून ठेवली. "दादा, काय ते लवकर ठरवा बरं. गाडी यायची आहे. माझ्या अजून आंघोळी राहिल्यात."

"पत्रे लावल्याशिवाय मी तिला इथून हलवू देणार नाही," मी म्हणालो.

मेव्हणी माझ्याकडे बघत राहिली. "काय लावल्याशिवाय?"

"पत्रे. हे."

"ह्यांना पत्रे म्हणता तुम्ही?"

"तीही म्हणायची."

मेव्हणीने हाताने मागे चाचपलं. मावशीने तिला स्टूल दिलं. ती बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली, घाम नव्हता तरी. आम्ही दोघं पाळीपाळीने इस्पितळात थांबायचो. काल संध्याकाळी मेव्हणी थांबली होती.

"काल ती सारखी पत्रे पत्रे करत होती हो," मेव्हणी म्हणाली. "जीभ जड झाली होती, दुसरं काही कळत नव्हतं. पत्रे लावाल ना, पत्रे लावाल ना. मला वाटलं घराचे पत्रे."

"आमच्या घराला पत्रे कुठे आहेत ताई? तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. वर आणखी लोक आहेत."

"ते मला माहीत नाही होय? म्हटलं, भ्रम झालाय. मी म्हटलं, हो ग बाई, लावले. भावजींनी माणूस बोलावून सगळे लावून घेतले. आता एक थेंब गळत नाही. झोप तू." ती थांबली. "माझ्याकडे अशी बघत राहिली. मला वाटलं, समजूत पटली."

मावशी नळ बंद करायला उगाच कोपऱ्यात गेली. नळ बंदच होता.

"लावा," मेव्हणी म्हणाली.

मी बायकोचं तोंड कापसाने टिपून घेतलं. कातडी गार होती आणि पुसली तरी ओलसरच लागत होती. उजव्याचा पत्रा काढला, तो पहिला, कधी न बदललेला. कोपरा डोळ्याच्या कोपऱ्यात बसवला, तर खालची कड गालावर टेकेना, अधांतरी राहिली. कड टेकवली तर कोपरा सुटला. मी दाबून धरला आणि तसाच ब्रश फिरवला. पत्रा उचलला तेव्हा शेपूट भुवईकडे गेलेलं नव्हतं. सरळ कानाकडे गेलं होतं.

पुसायला गेलो तर काळं पसरलं.

"अहो, हे काय केलंत!" मेव्हणी उठली. "पुसा, पुसा ते. हे कोणाचं तोंड आहे?"

मावशीने ओल्या फडक्याने ते साफ केलं. मी पत्रा उजेडात धरला. 'उ' होता, डाव्याउजव्याची चूक नव्हती. पत्रा वाकलाही नव्हता. मग लक्षात आलं. सगळे पत्रे मी ती खुर्चीत बसलेली असताना कापले होते. निजल्यावर तिचे गाल कानांकडे ओघळले होते आणि डोळ्यांचे कोपरे घेऊन गेले होते. 'ही बाजू वर' हे मी जन्मभर खोक्यांवर छापत आलो, आणि हे मला आधी कळलं नाही.

"हिला बसवावं लागेल," मी म्हणालो.

"काय?"

"बसवल्याशिवाय पत्रे बसणार नाहीत."

मेव्हणीने मावशीकडे बघितलं. तिला वाटलं असणार, मावशी तरी नाही म्हणेल.

मावशीने बायकोचा दंड उचलून पाहिला, मान हलवून पाहिली. "मान धरायला लागलीय. आत्ता बसवलं तर होईल, तासाभराने नाही होणार," ती म्हणाली. "पण मागून कोणीतरी गच्च धरायला पाहिजे. मी पाय धरते. दादा, तुमचे हात तर तिकडे अडकणार."

मेव्हणीने चपला काढल्या आणि स्टुलावर पाय देऊन टेबलावर चढली. तिचे गुडघे दुखतात, जिना चढायचा तर ती देवाला हाका मारते. त्या टेबलावर ती एक शब्द न बोलता चढली आणि पाय पसरून बहिणीच्या डोक्याशी बसली. मी आणि मावशीने बायकोला उचलून बसवलं. मेव्हणीने तिची पाठ आपल्या छातीला टेकवून घेतली आणि दोन्ही हातांनी हनुवटीखाली धरलं.

"लहानपणी हिची वेणी मीच घालायचे," ती म्हणाली. "अशीच पुढ्यात घेऊन. कधी मेली मान सरळ ठेवायची नाही."

मग बायकोचं डोकं थोडं कलंडलं तेव्हा म्हणाली, "हलू नको ग." सवयीने म्हणाली.

पत्रा बसला. कोपऱ्याला कोपरा, हाडाला कड. उजवं शेपूट एका हातात झालं. डावीकडे शेवटचा कापलेला पत्रा लावला तेव्हा डावा डोळा किंचित उघडला. "होतं तसं," मावशी म्हणाली. मी ब्रश थांबवला नाही. दोन्ही झाल्यावर फुंकर मारली.

"झालं का?" मेव्हणी मागून म्हणाली. "माझ्या हाताला मुंग्या आल्या."

"सुकू दे जरा."

मावशी पाय सोडून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिने समोरून बघितलं, मग आणखी जवळून बघितलं. "अगं बाई," ती म्हणाली. "ह्या डेपोतल्या ना? खिडकीवरच्या? मी आंघोळ घातली हो मगाशी. ओळखलं नाही."

"त्याच," मी म्हणालो.

"मला नेहमी म्हणायच्या, मावशी पळा, गाडी लागली."

मेव्हणीला मागून काही दिसत नव्हतं. तिला फक्त केस दिसत होते. "कशी दिसतेय?" तिने विचारलं. मावशी म्हणाली, "खिडकीत बसल्यात," आणि पुन्हा पाय धरायला गेली.

आम्ही तिला हळूहळू निजवलं. मेव्हणी खाली उतरली, चपला शोधल्या, पदर सारखा केला आणि मग बहिणीच्या तोंडाकडे वाकली. बाहेर गाडी मागे घेत असल्याचा आवाज येत होता.

"भावजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हे परत वाकडं झालंय. दोन्ही. कानाकडे गेलीत बघा."

"नाही."

"अहो, मला दिसतंय ना. पुसून पुन्हा काढा. माणसं हसतील."

"बरोबर आहेत ती," मी म्हणालो. "बसली की दिसतील."

मी पत्रे पुसले आणि खिशात घातले. मावशीने दार उघडलं. मग आम्ही तिला आडवंच बाहेर नेलं.