दोन भोंगे आणि एक खोकं

तोतारामचा गळा गोड होता, यात वाद नाही. वाद होता तो एवढाच, की हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. भुसावळच्या मालधक्क्यावर वर्षभर पावत्या फाडणारा हा माणूस लगीनसराई लागली की टोपी तिरकी करून हार्मोनियमपुढे बसायचा, आणि मग त्याच्यापुढे मुंबईचे गवई कोण लागून गेले! मंडळीचं नाव 'आनंद ऑर्केस्ट्रा'. क्लॅरिनेटवर झुलाल, ढोलकीवर मगन, आणि सगळ्यांच्या मागे, माणसाहून उंच डबल बेस छातीशी धरून उभा असलेला निंबा.

निंबा मूळचा सोनगीरचा, रेल्वेच्या यार्डात शंटिंगवर होता. देश स्वतंत्र झाला तसे भुसावळचे अँग्लो-इंडियन गार्ड आणि ड्रायव्हर एकेक करून विलायतेची वाट धरू लागले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या गार्डाने हे अवजड वाद्य निंबाला वाजवायला शिकवलं आणि जाताना त्याच्याच हवाली केलं. लोक त्याला 'हत्ती' म्हणायचे. टांग्यात तो मावत नसे, बसवाला तो बघताच तोंड फिरवायचा. पण निंबा त्याच्या जाड तारा बोटांनी ओढू लागला की तो आवाज कानात नाही, थेट बरगड्यांत शिरायचा. तोतारामचं गाणं त्या आवाजावर खाटेवर बसावं तसं निवांत बसायचं.

निंबा त्याला 'भाऊ' म्हणायचा, आणि नुसतं तोंडदेखलं नाही. तोताराम घसा धरून बसला की हाच यार्डातून येताना ज्येष्ठमध घेऊन यायचा. तोतारामचाही त्याच्यावर जीव होता. धुळ्याच्या त्या लग्नापर्यंत तरी होता.

जळगावात सुगनचंद शेठचं रेडिओचं दुकान होतं. त्यांच्या पुतण्याचं, महावीरचं, लग्न धुळ्याला होतं आणि वाजवायला आनंद ऑर्केस्ट्रा. तोतारामने त्या दिवशी जीव ओतून गायलं. जेवणं उरकल्यावर शेठच्या आई पानबाई काठी टेकत मांडवात आल्या. तोतारामने टोपी सावरली. म्हातारी त्याच्या पुढून सरळ निघून गेली आणि निंबासमोर उभी राहिली.

"गाणारे पुष्कळ ऐकले रे बेटा," ती म्हणाली, "पण तुझं हे वाजलं ना, तर माझं काळीज भरून आलं."

आता म्हातारीचं कौतुक ते, घ्यायचं आणि सोडून द्यायचं. निंबाने तर लाजून मानसुद्धा वर केली नाही. पण तोतारामच्या मनात ते कुसळासारखं रुतलं. 'गाणारे पुष्कळ' हे दोन शब्द घेऊन तो भुसावळला परतला. पुढे कोणीही मान डोलावली की तो बघायचा, हा माझ्या तानेवर डोलतोय की मागच्या धुमधुमीवर.

त्याच साली लाउडस्पीकर घ्यायची वेळ आली. घेतल्यावाचून इलाजच नव्हता. सुपारी द्यायला येणारा माणूस गाणी कोणती म्हणता हे विचारेनासा झाला होता. त्याचा पहिला सवाल, "तुमचा आवाज किती गावांना जातो?" वरबापाची हौस अशी की मांडव आपल्या दारात पडावा आणि जळफळाट शेजारच्या गावात व्हावा. मंडळीने साठवलेले पैसे घेऊन सगळे जळगावला सुगनचंदच्या दुकानी गेले.

अँप्लिफायर एकच घ्यायचा होता. प्रश्न होता त्याला पुढे काय जोडायचं. एकीकडे दोन पत्र्याचे भोंगे, धोतऱ्याच्या फुलासारखे तोंड वासलेले, चकचकीत. दुसरीकडे एक लाकडी खोकं, पुढून कापड लावलेलं, आत परातीएवढा कागदी स्पीकर. दिसायला धान्याच्या कोठीइतकंच देखणं. दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. झुलाल, मगन आणि निंबा बाहेर चहा प्यायला गेले तेव्हा सुगनचंदने तोतारामला जवळ बोलावलं.

"मास्तर, खरं सांगतो. भोंगा लांब जातो, पण बारीक सूरच घेऊन जातो. जाडा सूर त्याच्या नरड्यातच अडकतो. तुमचा तो हत्ती यातून ऐकूच येणार नाही. त्याच्यासाठी हे खोकं. लांब नाही जाणार, पण मांडवातल्या माणसाच्या पोटात वाजेल."

"माझं गाणं?" तोतारामने विचारलं.

"तुमचं गाणं दोन्हींतून चांगलंच."

तोताराम "बघू" म्हणाला. चहा पिऊन बाकीचे आले, तेव्हा हे सगळं त्यांना सांगायला त्याला एका वाक्याचाही वेळ लागला नसता. त्याने ते वाक्य गिळलं. का गिळलं, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच तो कुणाकडे न बघता म्हणाला, "इथे दुकानात काय कळणार? नेहमीसारखी मोकळ्यावर पारख करू."

ही पारख म्हणजे खानदेशातल्या वाजंत्र्यांची खास. वाद्य नवं असो की भोंगा, एक माणूस रानात चालत सुटायचा. ऐकू येईनासं झालं की थांबायचं. ज्याचा माणूस जास्त लांब गेला, तो माल चांगला. यात काही चुकतंय असं बापजन्मात कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सुगनचंदच्या गड्याने सगळं सामान, मोटारीची बॅटरी आणि मंडळीची वाद्यंसुद्धा, मेहरूणच्या तलावाकाठी आणून मांडलं. झुलाल म्हणाला, "मगनला पाठवू. ढोलकीचं काय ऐकायचंय?"

"छे," तोताराम म्हणाला. "निंबा जाईल. रेल्वेचे कान आहेत ते, खोटं बोलायचे नाहीत. आणि त्याच्याजवळ निशाण आहे. ऐकू येतंय तोवर वर, बंद झालं की खाली."

निंबाला केवढा आनंद झाला! एवढ्या मोठ्या खरेदीत भाऊंनी आपल्या कानांवर भरवसा टाकला.

"मी जास, भाऊ. तुम्ही निस्ता गावा," म्हणत तो हिरवं निशाण खांद्यावर टाकून चालू लागला. हत्ती झाडाला टेकून तसाच उभा राहिला. तो वाजवणारा माणूसच रानात गेला, तर तो वाजणार कसा? हे झुलालच्या लक्षात आलं नाही, मगनच्याही नाही. ज्याच्या लक्षात होतं तो डोळे मिटून आलाप घेत होता.

भोंग्यांतून गाणं सुरू झालं. निंबा चालत राहिला, कापसाच्या रानापलीकडे मुंगीएवढा झाला, तरी निशाण वरच. मग त्याला परत बोलावलं आणि खोकं जोडून पुन्हा पाठवलं. पहिल्या बांधाच्या थोडं पुढे गेल्यावर निशाण खाली आलं. निंबा धावतच परतला, घामाने निथळत, चेहरा उजळलेला.

"भाऊ, भोंगाच ल्या! काय आवाज शे! ते खोकं बिनकामनं शे."

तोतारामने भोंगे घेतले. निंबाने ते पोरासारखे कडेवर घेऊन टांग्यात ठेवले. ते बघताना तोतारामला वाटलं होतं की मनातलं कुसळ निघेल. निघालं नाही, आणि परतीच्या गाडीत निंबाने पुढे केलेली भजीसुद्धा त्याला खाववली नाहीत.

लगीनसराईत व्हायचं ते झालं. तोतारामचा आवाज तीन गावांच्या शिवा ओलांडून गेला आणि हत्ती मुका झाला. भोंग्यांच्या कर्कश आवाजाखाली त्याची धुमधुम मागच्या रांगेपर्यंतही पोचेना. निंबा तारा आणखी जोराने ओढू लागला. बोटांना फोड आले, फुटले, त्यावर त्याने चिंध्या गुंडाळल्या आणि तसाच वाजवत राहिला. मांडवात कुणी मान डोलवेना. झुलाल कुरकुरू लागला, "हे धूड उगाच कशाला वाहायचं? याच्या जागी एक व्हायोलिनवाला घेऊ."

तोतारामला तेव्हा बोलता आलं असतं. यात निंबाचा दोष नाही, भोंग्याचा आहे, एवढंच. पण मग 'तुला कसं माहीत?' असा पुढचा प्रश्न आला असता. तो हार्मोनियमचा भाता दाबत बसला. वाहवा त्याच्या वाट्याला पोतं भरून येत होती आणि एकाही वाहवेला चव नव्हती.

शेवटी निंबाच त्याच्या दारी आला. चिंध्या बांधलेले हात त्याने पाठीमागे धरले होते.

"भाऊ, मनी बोटे मरी गयात," तो म्हणाला. "यार्डमा लोखंड वढीवढी त्यासमा जीव नही ऱ्हायना. तुमनावर भार नको. मी थांबी जास."

एवढं बोलून वर माफी मागितली! तोताराम त्याला "अरे, बस तरी" म्हणाला, आणि तो बसला नाही याचं त्याला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस त्याला स्वतःची शिसारी येई ती या बरं वाटण्याची.

निंबाने हत्ती सोनगीरला घरी नेऊन ठेवला, डोळ्यांसमोर नको म्हणून. त्याची बायको बेबाबाई एकदा भुसावळच्या बाजारात भेटली. म्हणाली, ते जेवताना बोटांकडे बघत बसतात, बोलत नाहीत. मी कानबाई देवीला नवस बोलले आहे, त्यांची बोटं परत दे म्हणून. तोतारामच्या हातातली पिशवी गळून पडली आणि वांगी रस्त्यावर घरंगळली. तीही बिचारीनेच गोळा करून दिली.

त्यानंतर त्याचा गळा खरंच बसू लागला. वैद्य म्हणाला, घशात काही नाही. ते तोतारामलाही माहीत होतं.

श्रावण लागला. घरोघर कानबाई बसवायच्या आदल्या दिवशी तो एकटाच एक भोंगा घेऊन सुगनचंदच्या दुकानी गेला आणि तो परत देऊन, वर पदरची भर घालून ते खोकं घेतलं. सुगनचंद म्हणाला, "मी तर तेव्हाच सांगितलं होतं, मास्तर." दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं, अँप्लिफायर आणि मोटारीची बॅटरी बसच्या टपावर चढवून तो धुळ्याला आणि तिथून सोनगीरला गेला.

सणासाठी गावी आलेल्या निंबाच्या घरी कानबाईची गडबड होती. अंगणात शेण सारवलेलं, आत पुरणाचा वास. तोतारामला बघून निंबा इतका हरखला की तोतारामला पाठ फिरवून पळून जावंसं वाटलं. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. माईक हत्तीपुढे उभा केला, वायरी जोडल्या आणि म्हणाला, "एकदा वाजव."

"भाऊ, मनी बोटे..."

"एकदा वाजव, निंबा. तुझ्या पाया पडतो."

निंबाने भीतभीत एक तार ओढली. खोक्यातून तो आवाज आला. ओसरीची फळी थरथरली, कोनाड्यातलं तबक वाजलं, गोठ्यातल्या बैलाने मान वर केली. निंबा दचकून थांबला. त्याने दुसरी ओढली, मग तिसरी, आणि मग तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालतच होते. शेजारपाजार अंगणात जमला.

बेबाबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "कानबाईनी मनं आयकं!" म्हणत ती दारातच बसली आणि रडायला लागली. मग उठून तिने तोतारामला वाकून नमस्कार केला. "देवीनी तुमलेच धाडं, भाऊ. बठ्ठा पुरुषसना नावनी मूठ घाली, तशी काल तुमना नावनी बी घाली. रोट खाईसनच जा."

तोताराम जागच्या जागी गार पडला. कानबाईचे रोट म्हणजे काही जेवणाची पंगत नव्हे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ घालायची, दळायचं, त्याचे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. लेकीच्या सासरच्यांनासुद्धा तो तुकडा मिळत नाही. आणि इथे आदल्या दिवशीच, तो येणार हेही ठाऊक नसताना, या बाईने त्याला घरातला धरून मूठ घातली होती.

ती आत गेली, माणसं पांगली. निंबा अजून खोक्याच्या कापडावर हात फिरवत होता. फिरवता फिरवता हात थांबला.

"भाऊ, हे तेच खोकं ना? मेहरूणवालं?"

"तेच."

"मंग माले इतला दूर कसाले धाडं? मी तठेच वाजाडतू, ते बठ्ठासले समजतं."

तोतारामने खूप दिवस शब्द जुळवून ठेवले होते. त्यातला एकही उपयोगाला आला नाही. "म्हणूनच धाडलं," तो म्हणाला. "सगळ्यांना कळू नये म्हणून. सुगनचंदने मला आधीच सांगितलं होतं. लोक तुझ्यावर माना डोलवायचे, ते मला सोसत नव्हतं. तुझ्या बोटांना काही झालं नव्हतं, निंबा. कधीच नाही."

निंबाने हाताकडे बघितलं. जुन्या फोडांचे वण अजून तांबूस होते. त्याने थोबाडीत मारली असती तर तोतारामने उपकार मानले असते.

"मी वहिनींना सांगतो," तोताराम उठला. "सांगतो आणि जातो. त्या घासाला मी लायक नाही."

"तिले काही सांगानं नही," निंबा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ती नवस फेडी ऱ्हायनी. आणि तुमना नावना रोट व्हयी गया. तो परकाले देता येत नही, फेकता बी येत नही. चला, बसा."

कानबाईपुढे पाट मांडले होते. निंबाचे चुलते बसले, चुलतभाऊ बसले, त्यांच्या ओळीत तोताराम बसला आणि त्याला लागून निंबा. बेबाबाईने रोट वाढला, वर तुपाची धार धरली आणि तो 'पुरे' म्हणायच्या आत आणखी धरली. ओळीतल्या सगळ्यांनी जेवायला सुरुवात केली. निंबा मात्र हात आवरून तोतारामच्या ताटाकडे बघत थांबला होता. तोतारामने घास मोडला आणि तोंडात घातला. मगच निंबाने आपला घास उचलला.