बागेतल्या होडीची भरती

कळव्याच्या त्या बागेत शंभर वर्षांपूर्वी एका मिठागरवाल्या शेठने दगडी होडी बांधली. खाडी लांब, मध्ये इमारती, आणि ही चक्क पेरूच्या झाडांत उभी. चढायला एकच शिडी, आणि शेठचा नियम अजून चालू: भरती असेल तरच वर जायचं.

होडीचं नाव वरच्या लादीवर कोरलंय. ते मी बघून येणार, असं वर्गात सांगून बसलेले. उद्या परिसरातल्या वारशावर सादरीकरण. नाव मिळालं तर सुरुवात माझी, नाहीतर समीक्षाची. मग ती वर्षभर ऐकवणार.

म्हणून नीट हिशोब करून आलेले. आज पंचमी, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, म्हणजे पावणेचार. मैत्रिणीला, दक्षताला, क्लास बुडवायला लावून साडेतीनलाच हजर झाले.

पावणेचार वाजले. शिडी सांभाळणाऱ्या केशरबाई वाल सोलत बसलेल्या. चार वाजले. मी शक्य तितक्या गोड आवाजात वेळेची आठवण केली.

“ती मुंबयची भरती, पोरी. आपल्या कलव्यान पानी यवाला टायम लागतं.”

किती, ते नाही सांगितलं. भिंतीमागचा खाडीला मिळणारा नाला बघत बसा, पाणी उलटं फिरलं की हाक मारा, म्हणाल्या. झालं. दहावीतल्या दोन मुली नाक दाबून नाल्यावर पहाऱ्याला.

“काहीही नाव लिही ना,” दक्षता वैतागली. “कोण चढून बघणारे?”

क्षणभर मला पटलंसुद्धा, त्याचाच जास्त राग आला. “आणि समीक्षाने विचारलं, तू वर गेलेलीस का, तर?”

पावणेपाचला नाल्यातली एक पिशवी थांबली, गोल फिरली आणि आमच्याकडे यायला लागली. आम्ही धावत जाऊन केशरबाईंना उठवलं. शिडी लागली. दोघींनी वर जाऊन पट्टीने शेवाळ खरवडलं, तर खाली स्पष्ट अक्षरं: कलावती. मी सात फोटो काढले. समीक्षा गेली खड्ड्यात.

वळले तर शिडी गायब. केशरबाई ती खांद्यावर टाकून निघालेल्या. भर भरतीत होडीतून कोण उतरतं, असं मलाच विचारून, ओहोटी लागली की येते म्हणाल्या.

मी वही काढून पहिलं वाक्य लिहिलं, ‘मी स्वतः वर गेलेले.’

दक्षताने वाकून वाचलं. “खाली कधी आलीस, ते पण लिही.”