गजाचे छत्तीस, माझे पस्तीस

मित्रांनो, माझ्या अंगावर साठ इंच छापलेले आहेत, पण मी आता साठ इंचांची राहिलेली नाही. शिंप्याच्या गळ्यात असते ना, ती मोजायची टेप मी. म्हैसूरच्या शिवरामपेठेतल्या एका शिवणाच्या दुकानात, पांडुरंगाच्या तसबिरीखालच्या खिळ्यावर माझा मुक्काम असतो.

जन्मले तेव्हा मी पिवळीधमक होते. मेणकापडाची पट्टी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. वसंताबाईंनी नवं मशीन घेतलं, त्याच्याबरोबर मीही आले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि दोरा तुटला की मशीनशी दोन्ही.

वसंताबाईंना एक सवय होती. विचारात पडल्या की मला दोन्ही हातांत धरून ओढत राहायच्या. लग्नसराईत विचार फार. अशी वर्षं गेली आणि मी हळूहळू ताणले. गंमत म्हणजे, कुणाला कळलंच नाही. अंगाचं माप मीच घ्यायचे आणि कापडही माझ्याच मापाने कापलं जायचं. माझा इंच लांबला तो दोन्हीकडे लांबला. कपडे बेतशीर बसायचे. बायका म्हणायच्या, "वसंताक्काच्या हातातच माप आहे." मला फार बरं वाटायचं.

मग कृष्णराजनगरच्या एका शाळेचे गणवेश आले. मुलांची मापं माझ्यावर घेतली, पण काम पटापट व्हावं म्हणून कापड लोखंडी गजाने, म्हणजे छत्तीस इंचांच्या न ताणणाऱ्या पट्टीने, कापलं. सगळे शर्ट काखेत घट्ट. मुलांना हात वर करता येईनात. वसंताबाईंनी मला गजाशेजारी आडवं केलं. गजाचे छत्तीस झाले, तेव्हा माझे पस्तीसच भरले होते.

सुदैवाने, वाढतं अंग म्हणून शिवणीत आत कापड दुमडून ठेवायची त्यांची रीत होती. शिवणी उसवल्या, सोडल्या, पुन्हा घातल्या. उसवायला धाकटा भाऊ रंगनाथही बसला होता. कामाला नवी टेप आली. माझं काय करायचं असं त्याने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "असू दे. विचार करताना ओढायला लागते."

तेव्हापासून मी खिळ्यावर. आणि तिथूनच मी सन दोन हजारची संक्रांत पाहिली.

त्या दिवशी वसंताबाईंचं मन ठिकाणावर नव्हतं. दुकानाचे मालक नरसिंहमूर्ती जागा विकायला निघाले होते. उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, त्यांनी मुदत दिली होती. बन्नूरची वडिलांची साइट, म्हणजे घरासाठीची मोकळी जागा, विकून भावाबहिणीला सारखा वाटा मिळाला होता, पण बाईंच्या वाट्यात दुकान जेमतेम अर्धंच येत होतं. नाही घेतलं तर मशीन उचलायचं.

रंगनाथ एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इथल्या तीळगुळाची, पुडी घेऊन आला. तो कॉलेजच्या ऑफिसात होता आणि तिथे तेव्हा चहापेक्षा शेअरच जास्त चालायचे.

"अक्का, तुझा वाटा मला दे. बेंगळूरची संगणक कंपनी आहे. उगादीपर्यंत दुप्पट."

"महाग नाही का?"

"उलट स्वस्त आहे. कंपनी एका शेअरमागे वर्षाला एक रुपया कमावते, लोक त्या शेअरला नव्वद देतात. बाकीच्या कंप्यूटर कंपन्यांना दीडशे देतात."

"नव्वद स्वस्त, हे कशाला लावून मोजलंस?"

"त्या बाकीच्यांना."

"आणि त्यांना कशाला लावून मोजलं?"

रंगनाथने तिळातलं खोबरं वेचून खाल्लं. "एकमेकांनाच," तो म्हणाला.

बाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि टेबलावर गजाशेजारी ठेवलं. रंगनाथ हसला. "ते शर्ट मीच उसवले होते, अक्का. लक्षात आहे."

"मग शेअरचा गज कुठला, ते तू सांग. शिकलायस."

"बँक धर. वर्षाला एक रुपया व्याज हवं तर दहा ठेवावे लागतात." मग तो घाईने म्हणाला, "पण बँक आहे तेवढीच राहते. कंपनी म्हणजे वाढतं पोर."

"हौदु, खरं आहे. वाढत्या पोराला आत कापड ठेवतेच की मी. किती वाढ धरलीस?"

त्याने टेबलावरचा खडू घेतला. नफा दरवर्षी दुप्पट झाला, एकाचे दोन, चार, आठ, तर तीन वर्षांनी कुठे ती कंपनी बँकेच्या आसपास येत होती. खडू खाली ठेवून तो म्हणाला, "गेल्या वर्षी झाला होता दुप्पट."

"पहिलीतल्या पोरानं एका वर्षात चार बोटं उंची घेतली, म्हणून दरवर्षी घेईल? अंग आहे रे ते. कधी वाढतं, कधी आजारी पडतं."

"आणि वाढलं तर? पैसे घातले नाहीस म्हणून दुकान जाईल तुझं."

 बाई मला ओढत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नरसिंहमूर्तींकडे गेल्या. दुकान लांबट होतं आणि मागच्या गल्लीत दुसरं दार होतं. पुढचा अर्धा भाग द्या, म्हणाल्या.

"अर्धं दुकान कोण विकतं, वसंतम्मा?"

"अर्धा ब्लाउज कुणी शिवत नाही खरं. पण मोठ्या कापडात दोन निघतात."

म्हातारा हसला. मागचा भाग कॉफीपूडवाल्याने घेतला. मधे भिंत आली. माझा खिळा वाचला. तेव्हापासून इथल्या नव्या कपड्यांना कॉफीचा वास येतो आणि कुणी तक्रार करत नाही.

रंगनाथने आपले अर्धे पैसे शेअरात घातले, अर्धे बँकेत ठेवले. शेअर चढतच राहिला. रंगनाथ रोज यायचा. "आजही चढला, अक्का."

"बरं झालं रे," बाई म्हणायच्या. त्या दिवसांत मी फार ओढली गेले, मित्रांनो.

मग शेअर उतरू लागला आणि उतरतच गेला. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी रंगनाथ येऊन स्टुलावर बसला. बाई मशीन चालवत होत्या.

"तुझेही पैसे घालायला लावणार होतो मी," तो म्हणाला.

बाईंनी पाय थांबवला. "तुझे अर्धे बँकेत, आत दुमडलेले आहेत ना? तेवढी शिवण सोडू. बसेल. साकु, पुरे आता, कॉफी घे."

कंपनी वाईट नव्हती. अजून चालते म्हणे. पोर धडधाकट होतं, फक्त माप ताणलेलं होतं.

रंगनाथ अजूनही शेअर घेतो, पण खडू हातात धरून. दसऱ्यात आयुधपूजेला कात्री, मशीन, गज, सगळ्यांना कुंकू लागतं, तेव्हा मलाही खाली काढतात. बाई मला गजाशेजारी ठेवतात आणि त्याचा छत्तिसावा इंच जिथे संपतो, तिथे माझ्या अंगावर कुंकवाचं बोट टेकवतात. दर वर्षी ते बोट थोडं अलीकडे येतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला फेकू नका. तिच्यावर रागावूही नका. वर्षातून एकदा तेवढं गजाशेजारी झोपवा. मी किती लांबले, हे मला एकटीला कधीच कळत नाही.