शिवकुमारचा पायगुण

"बाई, ब्लूटूथ चालू हाय, लोकेशन चालू हाय, फोन तीनदा बंद करून तीनदा लावला. आता मीच तेवढा बंद पडायचा ऱ्हायलोय!" गुरुशांत फोनमध्ये ओरडत होता.

सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या कडेला त्याची पांढरी इलेक्ट्रिक गाडी उभी होती. ऊन असं की बॉनेटवर भाकरी टाकली असती तर पापुद्रा सुटून फुगली असती. पाडवा उद्यावर आला होता. हातगाडीवरच्या साखरेच्या गाठी पाघळून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. गुरुशांत वैराग ते सोलापूर वडाप करायचा, सीटवर माणसं भरून फेऱ्या मारायचा. तीस वर्षं जीपमधून केलं, गेले सहा महिने या मुक्या गाडीतून. दुपारच्या फेरीची माणसं मागे बसून त्याची गंमत बघत होती. वडाळ्याची सुंदरम्मा, शेंगांचा व्यापारी भीमा, आणि बसल्या बसल्या झोपलेला एक जण. पुढच्या सीटवर शिवकुमार. तो कुठं जाणार नव्हता. तो नुसता बसायला आला होता.

फोनवरची ॲपच्या कंपनीची बाई अगदी शांत होती. "सर, ॲप काढून पुन्हा टाकलंत का?"

"टाकलं."

"गाडीत लावलेल्या प्लगचा निळा दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?"

गुरुशांतनं स्टिअरिंगखाली डोकं घातलं. "स्थिर हाय. समईवानी."

"मग सर, प्लग चांगला आहे. तो दुसऱ्या कुठल्या तरी फोनला जोडलेला असणार. एका वेळी एकाच फोनशी बोलतो तो. आणि तो फोन तिथंच असेल, दहा-पंधरा पावलांत. तो बंद करायला सांगा, तुमचा लगेच जोडला जाईल."

गुरुशांतनं मागे वळून बघितलं. "कुणाच्या फोनात हे ॲप हाय ओ?"

"माझ्या फोनात टॉर्च हाय आन् जावयाचा नंबर हाय," सुंदरम्मा म्हणाली. "टॉर्च तरी येळेला लागतो."

"मी शेंगा विकतो, गुरुशांत. गाडीशी बोलून मला काय मिळणार?" भीमा म्हणाला.

"अरं सोड की," शिवकुमार म्हणाला. "ती बाई पुण्यात एसीत बसून बोलतीय. तिला काय ठाव हितलं? कासव गेलंय न्हवं? मग झालं."

कासव खरंच गेलं होतं. शिवकुमार बसला की ते जायचंच.

त्या कासवाची गोष्ट सगळ्या वैरागला पाठ होती. दसऱ्याला गाडी दारात आली आणि चौथ्या दिवशी समोरच्या पडद्यावर पिवळं कासव उजळलं. महादेवाच्या गाभाऱ्यापुढं असतं अगदी तसं. कंपनीनं देवाची सोयसुद्धा करून दिली म्हणून गुरुशांतनं हात जोडले. आठवडाभर तो त्या पडद्याला रोज एक फूल चिकटवत होता. मग राळेरासच्या चढावर गाडीनं मान टाकली. पायाखालचं पॅडल खालपर्यंत दाबलं तरी गाडी आपली गोगलगाय. एका शेळीनं तिला मागं टाकलं. पुढं जाऊन ती शेळी थांबली आणि काळजीनं वळून बघायला लागली म्हणतात. तेव्हा कुठं गुरुशांतला कळलं, की कासव दिसलं म्हणजे बॅटरीला दम लागला आणि गाडीनं स्वतःच स्वतःचा वेग तोडला.

दुसऱ्या दिवशी शिवकुमार शेजारी बसला, मोबाईल काढून काही तरी बघत राहिला, आणि वेशीबाहेर पडेपर्यंत कासव गायब! पुन्हा दोन दिवसांनी तेच. मग रोजच. कासव यायचं, शिवकुमार बसायचा, कासव जायचं.

"पायगुण हाय गड्याचा," गुरुशांत ज्याला त्याला सांगू लागला.

बोलता बोलता ही कीर्ती गाडीबाहेर पडली. बोअर घेताना लोक शिवकुमारला कडेला उभा करू लागले. एकाची म्हैस व्यायला अडली होती, तर त्याला गोठ्यात नेला. त्या म्हशीनं दोन रेडकं दिली आणि शेजारच्या गोठ्यातली भाकड म्हैस लाजून पान्हावली. शिवकुमार कशालाच नाही म्हणायचा नाही. नारळ घ्यायचा, टोपी घालून घ्यायचा, हसायचा. गुरुशांतनं तर पुढची सीट त्याच्या नावाची केली. सकाळी वैरागहून येताना, संध्याकाळी परत जाताना, आणि दुपारच्या फेरीआधी इथं सात रस्त्याला पाच मिनिटं नुसता बसायला.

शिवकुमार जुन्या गाड्यांचा दलाल. चहाच्या टपरीशेजारी एक टेबल, दोन खुर्च्या, एवढंच त्याचं ऑफिस. ही गाडी त्यानंच दिली होती. गुरुशांतनं आपली जीप त्याला दिली आणि वर घरातलं होतं नव्हतं ते घातलं. तेव्हा टपरीवर चार माणसांदेखत शिवकुमार म्हणाला होता, "पाडव्यापतोर बॅटरीनं तरास दिला तर गाडी माझी. तुला दुसरी देतो. शिवकुमारची जबान हाय." गुरुशांतनं कागद मागितला नाही. दोघं पहिलीपासून एका पाटावर बसलेले. गुरुशांतच्या बायकोला, सोनाबाईला, शेतात नाग चावला तेव्हा तिला पुढची काच फुटलेल्या जीपमध्ये घालून शिवकुमारनंच सोलापूरपर्यंत नेलं होतं. डोळ्यांत धूळ जाऊन त्याचे डोळे आठ दिवस बंद होते. अशा माणसाकडून कागद घ्यायचा?

गाडी देताना स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढा, निळ्या दिव्याचा एक काळा डबा खोचलेला होता, त्याला काळा दोरा गुंडाळलेला. "ह्याला हात लावू नगंस," शिवकुमारनं बजावलं होतं. "नजरंसाठी बांधलाय." गुरुशांत सणासुदीला त्याला हळदकुंकू लावायचा.

काल पाडव्यासाठी गाडी धुताना त्याच्या मुलीनं, रेश्मानं, तो डबा बघितला. रेश्मा गावातल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. ती इतकं हसली की बादली लवंडली.

"आप्पा, ह्यो ताईत न्हाय! गाडीची नाडी बघायचं यंत्र हाय हे. फोनात ॲप घेतलं की गाडीला काय दुखतंय ते कळतंय."

तिनं वडिलांच्या फोनात ॲप घातलं. चटकन जोडलं गेलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'दोष नाही.' नुकताच तर शिवकुमार उतरून घरी गेला होता. गुरुशांतला काय आनंद! आता कासव का येतं ते एकदाचं कळेल आणि बिचाऱ्या शिवाला ताटकळत बसावं लागणार नाही.

आज सकाळी वैरागहून निघताना मात्र ॲप जोडलंच जाईना. शिवकुमारनं त्याच्या हातातला फोन बघितला. मग म्हणाला, "कशाला नसता उद्योग?" आणि आपला मोबाईल शर्टाच्या खिशात टाकून वर हात ठेवला. गुरुशांतला वाटलं, छातीत दुखतंय की काय.

दुपारची गाडी निघाली. शिवकुमार उतरून टपरीकडं गेला. बार्शी रस्त्याला लागेपर्यंत भीमा पाडव्याच्या बाजाराबद्दल बोलत होता. वडाळ्याला सुंदरम्माला उतरवायला गुरुशांतनं गाडी थांबवली आणि सहज फोनवर बोट ठेवलं.

टिंग.

जोडलं गेलं. न रुसता, न फुगता.

"लागलं की रे तुझं!" सुंदरम्मा खिडकीतून डोकावली. "ऊन उतरलं म्हणून लागलं असंल."

ऊन कुठं उतरलं होतं? गुरुशांतनं मान हलवली आणि गाडी पुढं काढली. राळेरासच्या चढावर कासव आलं, त्याच्या वेळेला, सरकारी माणसासारखं. गुरुशांतनं गाडी बाभळीखाली घेतली आणि फोन भीमाच्या हातात दिला. "वाच की जरा. माझा चष्मा न्हाय." चष्मा नाकावरच होता.

भीमानं वाचलं. "बॅटरीचा एक भाग निकामी. शक्ती मर्यादित केली आहे." मग बोटानं पडदा वर सरकवला. "आन् खाली हे बघ. मागील दोष पुसल्यापासून चाललेले अंतर, एकतीस किलोमीटर."

"पुसल्यापासून?"

"फोनावरनं पुसता येतंय वाटतं. पाटी पुसावी तसं. दुखणं तसंच, पाटी तेवढी कोरी."

एकतीस किलोमीटर. ज्यानं तो रस्ता तीस वर्षं तुडवला त्याला हिशोब करायला बोटं लागत नाहीत. गुरुशांतच्या मनात गाडी उलटी निघाली. राळेरास, वडाळा, कारंबा, सोलापूरची वेस, आणि एकतीस पुरे झाले तेव्हा ती सात रस्त्याच्या कडेला, गाठींच्या हातगाडीशेजारी उभी होती. पुढच्या सीटवर एकच माणूस होता.

मागचा झोपलेला माणूस जागा झाला. "आलं का वैराग?"

"न्हाय," गुरुशांत म्हणाला. "लई लांब हाय अजून."

चार वाजता तो परत सात रस्त्याला आला. शिवकुमार टेबलाशी बसून कुणाला तरी गाडीचे फोटो दाखवत होता. गुरुशांतनं हाक मारली. शिवकुमार सवयीनं आला आणि सवयीनं पुढं बसला. पडद्यावर कासव होतं. गुरुशांतच्या फोनवर ॲप होतं, जोडलेलं.

"शिवा, कासव घालव."

"मी काय गारुडी हाय?"

"रोज घालवतोस की. पर आज माझ्या फोनात यंत्र अडकलंय, तुला मिळायचं न्हाय." त्यानं आपल्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं. "घे. सोडलं."

स्टिअरिंगखालचा निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. शिवकुमारच्या खिशातला मोबाईल हलकेच थरथरला. कुणी त्याला हातही लावला नव्हता.

दोघंही त्या खिशाकडं बघत राहिले.

"सकाळी किती वाजता पुसतोस?" गुरुशांतनं विचारलं. आवाज अगदी साधा. एखाद्याला जेवणाची वेळ विचारावी तसा.

"गुरू, ऐक माझं."

"ऐकतोय की."

"मलाबी पुण्याच्या माणसानं फसवलं. गाडी अंगावर आली. दोन म्हयनं टेबलापुढं हुभी होती. जो तो येऊन यंत्र लावायचा आन् निघून जायचा. मी काय करायचं, सांग?"

"मग मला का दिलीस? सोलापुरात माणसं कमी हुती?"

शिवकुमारनं समोरच्या चौकाकडं तोंड फिरवलं. मग जे खरं होतं तेच बोलला. बहुधा सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"बाकीच्यांनी तपासून घेतली असती. न तपासता घेणारा तूच एक हुतास."

रस्त्यावर हॉर्न वाजत होते. गाठीवाला हातगाडीवर ओला फडका टाकत होता. गुरुशांतला नागाची आठवण झाली, फुटलेल्या काचेची झाली, लाल सुजलेल्या डोळ्यांची झाली. ते सगळं खरंच घडलं होतं. ते खोटं ठरवता येत नव्हतं, आणि हेही खोटं ठरवता येत नव्हतं. त्याला वाटलं, नुसता चोर असता तर बरं झालं असतं. कॉलर धरता आली असती.

"मला नारळ फोडायला लावलेस, शिवा. लोकांच्या म्हशीपतोर गेलो मी तुझं नाव घेऊन."

"मी म्हनलो न्हवतो पायगुण. तूच म्हनलास."

"व्हय. मीच म्हनलो."

शिवकुमारनं घाम पुसला. "पाडवा उद्या हाय. जबान दिलीय ती मोडायचा न्हाय. दे किल्ली. गाडी परत घेतो, म्हयन्याभरात दुसरी बघून देतो."

गुरुशांतनं किल्ली काढली. पुढं केली. शिवकुमारच्या तळहातावर ठेवायची तेवढी बाकी होती.

"हिचं काय करशील?"

"बघू की. टेंभुर्णीकडं एक जण हाय. भला माणूस हाय. लई खोलात जात न्हाय."

गुरुशांतचा हात तसाच राहिला. मग त्यानं मूठ मिटली आणि किल्ली खिशात टाकली.

"उतर, शिवा."

"अरं, खुळा हायस काय? तुझंच नुकसान—"

"उतर. गिऱ्हाईक ताटकळलंय तुझं."

शिवकुमार उतरला. दार त्यानं हलकेच लावलं. आजवर तो ते नेहमी आपटायचा.

गुरुशांतला खुळा म्हणणाऱ्यांची वैरागात रांग लागली. सोनाबाई तीन दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा बोलली नसती तर बरं असं झालं. रेश्मानं कंपनीला चार अर्ज धाडले. आता ती गाडी सोलापुरातल्या सोलापुरातच चालते, सात रस्ता ते स्टेशन, स्टेशन ते बाजार. सपाट रस्ता, जवळची गिऱ्हाइकं. बसणाऱ्याला गुरुशांत आधीच सांगतो, "सावकाश जाते, घाई असंल तर रिक्षा करा." रात्री गाडी भीमाच्या सोलापुरातल्या शेंगांच्या गोदामात लावतो, आणि स्वतः वैरागहून सकाळच्या एस. टी.नं येतो. खिडकीची जागा मिळाली तरी बाहेर बघत नाही. वळणं आधीच पायाला कळतात आणि पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो.

परवा राळेरासची एक म्हातारी सात रस्त्याला त्याच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. डोक्यावर ज्वारीचं पोतं.

"वैरागच्या वाटंनं जातोस न्हवं रे, बाबा?"

"न्हाय, मावशी. मी हितल्या हितं."

त्यानं पोतं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पलीकडं उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या जीपमध्ये नेऊन ठेवलं. म्हातारीला हात देऊन चढवलं, पदर दारात अडकत नाही ना ते बघितलं, दार लावलं. ड्रायव्हर नवा होता, ओळखीचा नव्हता.

"राळेरासच्या चढाला आधीच गिअर बदल," गुरुशांत त्याला म्हणाला, आणि जीपच्या टपावर दोनदा थाप मारली.

जीप निघाली.