तत्त्वतः गरम पाणी

समाजशास्त्र विभागात वयाने सगळ्यात लहान, म्हणून सगळे त्यांना धाकट्या मॅडम म्हणत. परिषदेच्या पाहुण्यांची निवास समिती त्यांच्याच गळ्यात पडली. समिती म्हणजे त्या एकट्या. बाकीच्यांना आपापल्या पाठदुख्या अगदी वेळेवर आठवल्या होत्या.

पहिलं काम होतं पाहुण्यांसाठी माहितीपत्रक लिहायचं: कसं यायचं, कुठे उतरायचं, बरोबर काय आणायचं. धाकट्या मॅडमनी मनापासून लिहिलं. स्टेशनबाहेरचा टॅक्सीवाला सांगेल त्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा. विद्यापीठाची बस थांबत नाही, वेग जरा कमी करते, तेवढ्यात चढा. गेस्ट हाउसला तीन खोल्या, गिझर फक्त पहिलीत. दुसरीची खिडकी उघडते, पण मग बंद होत नाही. तिसरीबद्दल न बोललेलं बरं. उशी घरून आणा.

विभागप्रमुखांनी ते वाचून चष्मा काढला. "मॅडम, हे निमंत्रण आहे की धमकी?"

विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'तत्त्वतः सर' म्हणत, कारण तो शब्द तोंडात घोळवल्याशिवाय त्यांना चहासुद्धा मागता येत नसे.

"सर, पण गिझर एकच आहे."

"पाइप तिन्ही खोल्यांत गेलाय ना? मग तत्त्वतः तिन्हीकडे गरम पाणी आहे." असं म्हणून त्यांनी लाल पेन उचललं. शेवटी पाहुण्यांना जे गेलं ते असं: 'निसर्गरम्य परिसरातील, सर्व सुखसोयींनी सज्ज अतिथिगृह, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर.' हाक मारणाऱ्याचा घसा केवढा असावा, हे लिहायचं राहिलं, असं धाकट्या मॅडमना वाटलं. पण नोकरी पक्की व्हायची होती, म्हणून त्या गप्प बसल्या.

परिषदेचा विषय होता 'बदलती कुटुंबव्यवस्था'. प्रमुख पाहुण्या होत्या सत्तरी ओलांडलेल्या एक विदुषी. त्यांच्या एका शेऱ्याने भल्याभल्यांची पुस्तकं रद्दीत जात. साहजिकच पहिली खोली त्यांची.

आदल्या दिवशी सकाळी धाकट्या मॅडम ती खोली पाहायला गेल्या, तर दाराला आतून कडी. ठोठावल्यावर दार उघडलं. समोर तत्त्वतः सर. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालाला साबणाचा फेस.

"सर, तुम्ही?"

"पाहणी करतोय. व्यवस्थेची."

"सूटकेस घेऊन?"

सर पलंगावर बसले. पलंग एका बाजूला कलला, तसे सरही कलले, आणि त्याच अवस्थेत त्यांनी सगळं सांगून टाकलं. झालं होतं असं की, परिषदेतल्या सगळ्या वक्त्यांना त्यांनी घरी जेवायला बोलावून ठेवलं आणि बायकोला ते काल सांगितलं. बायको दातांची डॉक्टर. घराच्या खालच्या मजल्यावर तिचा दवाखाना, आणि सकाळपासून बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेली माणसं. "मला विचारलंत का?" असं तिने म्हटल्यावर सर म्हणाले, "त्यात काय विचारायचं? तू घरीच तर असतेस."

"असं म्हणालात?" धाकट्या मॅडमनी कपाळाला हात लावला.

"मग शब्दाने शब्द वाढला. मी म्हटलं, असं असेल तर मी चाललो गेस्ट हाउसला. मला वाटलं, थांबवेल. तिने माळ्यावरची सूटकेस काढून दिली. वर पुसूनही दिली."

"मग आता घरी जा ना, सर. दुपारी पाहुण्या येतायत."

"तत्त्वतः आधी तिने माफी मागायला हवी."

"आणि तोवर पाहुण्यांना कुठे ठेवू? दुसऱ्या खोलीत आधीच आलेले दोन वक्ते वाऱ्यात कुडकुडतायत. तिसरीत... जाऊ दे. गावातली सगळी हॉटेलं फरशीवाल्यांच्या मेळाव्याने भरलीत."

सरांनी उरलेला फेस टॉवेलला पुसला. "आधी मला सांगा, हे पाणी एका बादलीनंतर गार का होतं?"

धाकट्या मॅडमनी तडक दवाखाना गाठला. वहिनींच्या खुर्चीत एक पेशंट आ वासून आडवा होता. त्याच्यासमोर बोलावं की नाही, या विचारात त्या दारातच घुटमळल्या.

"बोल गं," वहिनी हातातलं काम न थांबवता म्हणाल्या. "याला भूल दिलीय."

भूल हिरडीला होती, कानांना नव्हती. सगळं ऐकताना पेशंटचे डोळे गरगर फिरत होते.

"तर वहिनी, सरांना घरी बोलवा. माझी लाज राखा."

"त्यांना मी घालवलं नाही, ते गेले. तसेच येतील. घाई कसली? काल रात्री मला रेडिओ ऐकता आला, कुणी त्यातल्या बातम्यांच्या चुका काढल्या नाहीत." त्यांनी पेशंटला गुळणी करायला लावली. "तुझी अडचण पाहुणीची आहे ना? तिला इकडे पाठव. यांची वरची खोली आता रिकामीच आहे. पाणी भरपूर गरम आहे."

पेशंटने तोंड धुता धुता मान डोलावली. त्याला तोडगा पसंत पडला होता.

दुपारी विदुषी आल्या. टॅक्सीवाल्याने त्यांना दुप्पट गंडवलं होतं आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजण्यापलीकडे गेल्या होत्या. पण वहिनींनी दार उघडून "आधी आंघोळ की आधी झोप?" एवढंच विचारलं, आणि त्या आठ्या एकेक करून उतरल्या. संध्याकाळी धाकट्या मॅडम डोकावल्या, तेव्हा दोघी गच्चीत पाय पसरून हसत होत्या. कुणाला, ते विचारायची त्यांची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला तत्त्वतः सर आले ते ठिकठिकाणी कापलेली दाढी घेऊन. पाणी मध्येच गेलं होतं. कुटुंबातल्या संवादाचं महत्त्व या विषयावर ते बराच वेळ बोलले. विदुषी पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे इतक्या प्रेमाने पाहत होत्या की त्यांना दरदरून घाम फुटला. मग त्या स्वतः उठल्या आणि म्हणाल्या, "इथल्या निवासव्यवस्थेइतकी उत्तम व्यवस्था मी कुठेच पाहिली नाही. विभागप्रमुखांनी स्वतःच्या घरातून बाहेर पडून पाहुण्याला जागा दिली. असा त्याग आता दुर्मिळ."

टाळ्या कडाडल्या. धाकट्या मॅडमना हसू आवरेना, म्हणून त्या खोकत बाहेर गेल्या.

त्या संध्याकाळी सर दवाखान्यात आले. तोऱ्यात वर न जाता बाहेरच्या बाकावर, गाल धरलेल्या माणसांच्या शेवटी बसले. त्यांची पाळी आल्यावर वहिनींनी खुर्चीकडे बोट दाखवलं. आत काय झालं ते कुणाला कळलं नाही. बराच वेळ एकट्या वहिनींचाच आवाज येत होता. वक्त्यांचं जेवण मात्र परिषदेच्या मंडपातच झालं, आणि वाढायला सर स्वतः उभे होते.

परिषद संपल्यावर सरांचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"मॅडम, मी सध्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आहे. पाहुण्या नक्की कधी जाणार?"

"त्यांनी तिकीट पुढे ढकललंय, सर."

"का?"

"वहिनींना त्यांच्या दाढेत कीड सापडलीय. तीन बैठका लागतील म्हणाल्या."

पलीकडे सोफा करकरला. मग सरांनी विचारलं, "त्या गेस्ट हाउसची किल्ली अजून तुमच्याकडेच आहे का हो?"