हात वर केल्याशिवाय मी ओळखत नाही

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्यासमोर हसून उभे राहू नका, मला हसणे दिसत नाही. मला माणसाचे सांधे दिसतात. खांदा, कोपर, मनगट, गुडघा. त्यांच्यामध्ये रेषा ओढल्या की माझा माणूस तयार होतो, काडीसारखा. जात, कपडे, हुद्दा यातले काही त्यात येत नाही.

खेळाच्या यंत्राबरोबर माझा जन्म परदेशी कारखान्यात झाला. पिंप्राळ्यातल्या एका गेम पार्लरमध्ये मी टीव्हीच्या डोक्यावर बसलो. तुमच्याएवढी मुले माझ्यासमोर हवेत ठोसे मारत आणि पडद्यावर कोणाचा तरी जबडा फुटे. जबडा फुटला की गुण मिळत. पालक म्हणत, तेवढाच मुलांना व्यायाम. पुढे मोबाइलवर बसल्या जागी जबडे फोडायची सोय झाली आणि मी भंगारात गेलो.

तिथून मला आवेज नावाच्या पोराने उचलले. तो कॉम्प्युटरवर स्वतःचा मारामारीचा खेळ बनवत होता. खरी माणसे माझ्यासमोर लढणार, त्यांची हालचाल मी टिपून कॉम्प्युटरला देणार आणि ती खेळातल्या राक्षसांच्या अंगात शिरणार, असा बेत होता. माझी अट एकच. पोलिसांसमोर उभे राहावे तसे आधी दोन्ही हात वर करून स्तब्ध राहायचे. मग मी ओळखतो आणि पडद्यावर हिरवी काडी उभी राहते.

लढायला त्याने फैजपूरचे गिरधर आणि झुलाल आणले. चुलतभाऊ, दोघेही आखाड्यातले. मागच्या वर्षी एका भांडणानंतर झुलालने गिरधरची केळीची बाग कापून आडवी केली होती. हे गावात सगळ्यांना माहीत होते. फक्त पोलीस अजून तपास करत होते. नंतर गावातल्या वडीलधाऱ्या नानांनी समेट घडवला, म्हणजे दोघांना एका बाकावर बसवून चहा पाजला.

आवेजने पुठ्ठ्याचे कोयते केले होते. गिरधरने स्वतःचा, लोखंडी आणला.

"पुठ्ठ्याले वजन नाही रे आवेज," तो म्हणाला. "हात खोटा पडतो."

"गिरधरभाऊ, खोटाच पाडायचाय ना! नुसता हवेत फिरवा. झुलालभाऊ, आधी तुम्ही. हात वर. हलू नका, तो ओळखतोय."

"सासऱ्यानं बी मले इतकं निरखून पाह्यलं नव्हतं," झुलाल हात वर करून हसला.

गिरधर त्याच्याकडे बघत राहिला. "माह्या केळी बी अशाच उभ्या होत्या रे," तो म्हणाला. "हात वर करून."

आणि त्याने कोयता घातला.

मित्रांनो, रक्त मला दिसत नाही. डाव्या खांद्याची रेषा तुटली, हिरवी काडी गुडघ्यांवर आली आणि मग आडवी झाली. आवेज किंचाळत होता. चित्रण मात्र स्वच्छ आले.

गिरधर तुरुंगात गेला आणि जामिनावर सुटून आपल्या घरी, म्हणजे झुलालच्या समोरच्याच आळीत राहू लागला. झुलालचा हात वाचला, पण छातीच्या वर जाईना. आवेजने खेळ सोडला आणि मला कॉम्प्युटरसकट झुलालच्या घरी आणून आत दाराकडे तोंड करून मांडले. "भाऊ, ज्या दिवशी हा तुम्हाला ओळखेल, त्या दिवशी तुम्ही बरे झालात."

रोज सकाळी झुलाल उभा राही. उजवा हात ताठ वर, डावा अर्ध्यावर थरथरत. पडद्यावर एकच ओळ येई: कृपया दोन्ही हात वर करा. तो दातओठ खाई, घामाने भिजे. आई शेवंताबाई शेजारणींना सांगत, "पोरगं माह्यं भलतं जिद्दीचं हाये."

जिद्द कशासाठी आहे, हे त्याच्या बायकोला, मोहिनीला, ठाऊक होते. घरातला कोयता तिने माळ्यावर जड पेटीखाली सरकवला होता. एका हाताने तो निघणार नव्हता.

आणि एके दिवशी डावा हात वर गेला. मी झुलालला ओळखले. शेवंताबाई साखर आणायला आत पळाल्या. झुलालने हात खाली घेतलेच नाहीत. तसाच माळ्याकडे वळला, पेटी उचलली, कोयता ओढला.

मोहिनी दारात आडवी आली.

"सरक."

"नाही सरकत."

"मोहिने, तुले बी कापीन!" त्याने कोयता उगारला.

तिने दोन्ही हात वर केले आणि स्तब्ध उभी राहिली. "कापा. पन आधी मांगे पाहा. पाहा, कोन कुठी उभं हाये."

मी यंत्र. वर केलेले हात दिसले की ओळखतो. झुलालने वळून पाहिले तेव्हा पडद्यावर दोन काड्या होत्या. एक हात वर करून उभी. दुसरी तिच्यावर हात उगारून. त्या दिवशी झुलाल जिथे होता तिथे मोहिनी होती आणि गिरधरच्या जागी तो स्वतः.

एवढ्या मेहनतीने वर गेलेला हात आता नुसता खाली येईना. तो पडला. माझ्यावर.

पहिल्या घावात माझा डोळा गेला, दुसऱ्यात पाठ दुभंगली. पुढचे घाव मला फक्त ऐकू आले. मग कोयता जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि झुलालच्या रडण्याचा. साखर घेऊन आलेल्या शेवंताबाई म्हणाल्या, "अरे, इतकं महागाचं यंत्र!"

आता मी केळी भरायच्या प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये पडून आहे. समोरच्या आळीत गिरधर जिवंत आहे. का, ते त्याला माहीत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू भंगारात देऊ नका. त्यांची धूळ पुसा आणि त्या चटकन समोर येतील अशा ठेवा. उगारलेला हात कुठेतरी पडतो. तिथे माणूस नसला तर बरे.